काळ्या पाषाणातल्या वाटा

बांधाच्या अलीकडे तीनशे फूट बोअर मारली तरी नुसता फुफाटा उडतो. पलीकडच्याला मात्र दीडशे फुटांवरच दोन इंची पाणी लागतं. मग कोणी नशिबाला बोल लावतं, कोणी पाणाड्याला. खरं कारण पायाखालच्या खडकात आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. वाळूत पाणी कणांमधल्या जागेत मावतं. घट्ट पाषाणात तशी जागा जवळजवळ नसतेच. लाव्हा थंड होताना आकसून पडलेल्या भेगा, दोन थरांमधले सांधे आणि वरचा मुरूम, पाण्याला वाटा काय त्या एवढ्याच.

लाव्ह्याच्या थरांच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्याही ठेवल्या. पण त्या सहसा एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि बऱ्याच खनिजांनी भरून गेल्या आहेत. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट, जळगाव-नाशिककडचे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले दिसतात, ते अशाच पोकळ्यांतून निघालेले. खडकात फिरणाऱ्या उष्ण पाण्यानंच ते घडवले आणि ते घडवताना स्वतःची वाट बुजवली. असा खडक पुढे झिजून तडकला, तरच त्यात चांगलं पाणी सापडतं.

भेग किती रुंद, यावर तर सगळंच ठरतं. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट होतो. बाकी सगळं सारखं असेल, तर एक मिलिमीटरची एकच सलग भेग एक दशांश मिलिमीटरच्या हजार भेगांइतकं पाणी वाहून नेते! बोअरचं साडेसहा इंची भोक त्या एका भेगेपासून हातभर बाजूला गेलं, तरी शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात.

म्हणूनच ‘अजून शंभर फूट जाऊ द्या’ हा आग्रह घातक आहे. खोल जावं तशा वरच्या खडकाच्या भारानं भेगा आवळत जातात आणि झीजही तिथवर पोचत नाही. क्वचित खोलवर पाणी लागतं, पण ते साठून राहिलेलं, सावकाश भरणारं. पंप पहिला हंगाम जोरात चालतो आणि मग गुळण्या टाकू लागतो.

उभ्या भेगा उभ्या बोअरला चुकतात, म्हणून अनेक जण विहिरीच्या तळाशी आडव्या बोअर मारतात. एक आडवी बोअर वाटेतल्या अनेक भेगा छेदते आणि पाणी विहिरीत उतरतं. मात्र त्याच भेगा शेजारच्या विहिरीलाही पाजत असतात, त्यामुळे एकाची वाढलेली धार दुसऱ्याची घटलेली असू शकते. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तर ग्रामसभेत ठराव करून शेतीसाठी बोअर घेणंच थांबवलं आणि पिकं ठरवताना गावातल्या पाण्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली.