गायतोंडे यांची चित्रे : न्यूयॉर्कच्या भिंतीवर

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या ख्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले आणि हे नाव कलावर्तुळाबाहेरही पोहोचले. मात्र आकडा मोठा असला की चित्र दिसेनासे होते. या चित्रांत नेमके पाहायचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. तो पुढे आणला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात संधिनी पोद्दार यांच्या नियोजनाखाली तेथे गायतोंडे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. पुढे ते व्हेनिसलाही गेले. संग्रहालयाने भरविलेले त्यांचे हे पहिलेच सिंहावलोकन. तेही त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी!

यात एक सुंदर योगायोग आहे. १९३९ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ असे होते. आणि गायतोंडे यांनाही आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द पसंत नव्हता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. हा केवळ शब्दच्छल नव्हे. अमूर्तीकरणाच्या मुळाशी एखादी वस्तू असते. झाड, चेहरा, डोंगर गाळत गाळत चित्रकार आकारापर्यंत येतो. गायतोंडे यांच्या परिपक्व चित्रांत गाळण्यासारखे आरंभी काहीच नसते. रंग, प्रकाश आणि पोत यांपासूनच चित्र सुरू होते. त्यामुळे ‘हा समुद्र आहे का?’ असे विचारणारा प्रेक्षक दारातच अडतो.

त्यांची पद्धतही पाहण्याजोगी आहे. कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर त्यांचा भर असे. रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवायचा किंवा उचलायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा. खालचा रंग वरच्यातून झिरपत राहतो. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत. बाकीचा वेळ वाट पाहण्याचा.

त्यांची तुलना हटकून मार्क रॉथ्को यांच्याशी होते. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर १९६४-६५ मध्ये ते न्यूयॉर्कला होते, हे खरे. परंतु तेथील आधुनिक कला संग्रहालयात असलेले त्यांचे चित्र १९६२चे, म्हणजे त्या प्रवासाआधीचे आहे. वाट त्यांना मुंबईतच सापडली होती. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले, गोमंतकीय घरातले गायतोंडे गिरगावात वाढले, १९४८ मध्ये जे. जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडले आणि भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील खोलीत काम करीत राहिले. झेन विचारांची ओढही त्याच काळातली. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि अधिकच एकांतप्रिय झाले.

ही चित्रे छापील पानावर वा संगणकाच्या पडद्यावर मरतात. थरांची खोली तेथे उतरतच नाही. उरतो तो एक पिवळट किंवा करडा चौकोन. समोर उभे राहणे हाच उपाय, आणि बरीचशी चित्रे खासगी संग्रहांत. त्यामुळेच अनेक संग्रहांतून आणलेली ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये एकत्र दिसणे मोलाचे ठरले. मुंबईकरांना मात्र विमानाचे तिकीट काढण्याआधी फोर्टपर्यंत जाता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. ते कोणत्या वेळी भिंतीवर असतील, याची चौकशी करून जावे आणि घाईच्या दिवशी जाऊ नये.