प्लॅस्टिकलाही म्हातारपण येतं

'प्लॅस्टिक शेकडो वर्षं कुजत नाही' हे आपण इतक्या वेळा ऐकलंय, की घरातली प्लॅस्टिकची वस्तू नुसती ठेवून खराब होईल असं आपल्या मनातही येत नाही. पितळेच्या भांड्याला चिंच लावायची, पैठणीची घडी अधूनमधून मोडून परत घालायची, डाळींना ऊन द्यायचं, हे सगळं आई-सासूबाईंनी शिकवलं. पण मुलांच्या खेळण्यांचं काय? मुलं मोठी झाली की पिशवीत भरायची, गाठ मारायची आणि माळ्यावर टाकायची. प्लॅस्टिकला काय होतंय!

होतं, मैत्रिणींनो, बरंच काही होतं. आणि ते कळायची वेळ आता आलीय, कारण ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी हट्टानं ही खेळणी घ्यायला लावली, ती मुलं आज स्वतः आई-बाप आहेत.

मी बोलतेय ते विशेषतः 'ॲक्शन फिगर्स'बद्दल. हातपाय, मान वळवता येणारे ते सैनिक, ते पिळदार दंडाचे वीर! हा शब्द आला १९६४ साली. अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीनं 'जी. आय. जो' नावाचा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' घेऊन खेळणार नाहीत, म्हणून हे नवं नाव! पुढे १९७८ मध्ये केनर कंपनीचे 'स्टार वॉर्स'चे बोटभर बाहुले आले, १९८२ मध्ये मॅटेलचा 'ही-मॅन' आला. आपल्याकडे १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलनं जी. आय. जो बनवला. या कंपनीचा कारखाना आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. भारतात बनलेले ते जुने सैनिक आज परदेशातले हौशी लोकही शोधत असतात.

किंमत म्हणाल तर ऐकून डोळे फिरतील. स्टार वॉर्समधल्या बोबा फेटचा, पाठीवरून रॉकेट उडवणारा एक नमुना २०२४ साली अमेरिकेत लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. लहान मुलांना धोकादायक म्हणून तो कधी दुकानात आलाच नव्हता, म्हणून ही किंमत. आपल्या माळ्यावर काही तसलं निघणार नाही. पण प्रश्न नेहमी पैशाचाच असतो असं कुठं आहे?

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे असलं काही झालं की घरातले फोन मलाच करतात. मागं एकदा दिवाळीच्या तोंडावर सांगलीहून धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, माळ्यावरची खेळण्यांची पिशवी काढली. सगळे बाहुले तेलात बुडवून काढल्यासारखे चिकट झालेत. पिशवीत तेल तर नव्हतं हो!" तिचा मुलगा बंगळुरूहून येणार होता. नातू आठ महिन्यांचा, दात येत होते, हाताला लागेल ते तोंडात. बापाची खेळणी लेकाच्या हातात द्यायची तिची केवढी हौस! मी म्हटलं, "थांब. धू, पुसून ठेव, पण बाळाच्या हातात देऊ नकोस."

का ते सांगते. यातल्या बऱ्याच बाहुल्यांचे मऊ भाग पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ, लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. कणकेला मोहन घालतो ना, तसंच म्हणा. पण हे मोहन प्लॅस्टिकला पक्कं बांधलेलं नसतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं, पृष्ठभाग चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि आतलं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. उष्णतेनं हे सगळं वेगानं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आमच्या विषयातला ढोबळ नियम आहे. आता वैशाखातला पत्र्याखालचा माळा आठवा!

जुन्या पीव्हीसीत या कामासाठी थॅलेट नावाची रसायनं सर्रास वापरत. मुलांच्या खेळण्यांतल्या काही थॅलेट्सवर युरोपनं २००७ पासून आणि अमेरिकेनं २००८ च्या कायद्यानं निर्बंध घातले. रंगांचाही प्रश्न आहेच. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी घरं, पाळणाघरं आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतली सुमारे २०० वापरलेली प्लॅस्टिकची खेळणी तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेक खेळण्यांत शिसं, कॅडमियम यांसारखे घातक घटक सापडले, तेही बहुतेक लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांत. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे माळ्यावरची पिशवी त्याआधीची. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे, जुनं खेळणं पाहायला ठेवा, चघळायला देऊ नका.

नणंदेनं ऐकलं. बाळाला स्टीलची वाटी आणि चमचा मिळाला, त्यानं घर डोक्यावर घेतलं! आणि बाहुल्यांचं? ते तिनं स्वतः ठरवलं नाही, लेकावर सोडलं. तो दुपारभर जमिनीवर बसला, एकेक पुसला, दोघांचा चुरा झाला होता ते टाकले, बाकीचे ठेवले. "यातला एकेक मला कुठल्या परीक्षेनंतर मिळाला ते आठवतंय," म्हणाला. मला वाटतं, हे महत्त्वाचं. मुलं घराबाहेर पडली तरी त्यांचं लहानपण आपल्याकडे ठेवीसारखं असतं. ते आपल्या मनानं टाकूही नये आणि सडूही देऊ नये.

प्रत्येक बाहुल्याचं दुखणं वेगळं असतं बरं का. १९८२ पासूनच्या छोट्या जी. आय. जोच्या पोटात एक रबरी कडं असतं. धड आणि पाय त्यानंच जोडलेले. रबर सुकलं की ते तुटतं आणि सैनिकाचे कमरेतून दोन तुकडे होतात. घाबरू नका, पाठीचा स्क्रू काढून नवं कडं बसवता येतं. पांढरं, करडं प्लॅस्टिक उजेडानं पिवळं पडतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरं करतात, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. ट्रान्सफॉर्मर्समधल्या काही जुन्या सोनेरी प्लॅस्टिकचा तर हात लावताच तुकडा पडतो, त्याला इलाज नाही. पहिल्या काळातल्या बार्बीच्या कानांतल्या धातूमुळे कानाभोवती हिरवा डाग पडतो. आजीच्या वेळची सेल्युलॉइडची बाहुली असेल, तर ती सगळ्यांपासून वेगळी, हवेशीर जागी ठेवा. ती पटकन पेट घेते, आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूनं शेजारच्या वस्तूही खराब होतात.

मग ठेवायचं कसं? ऐका, आपल्या हॉलमधली काचेच्या दारांची शोकेस आठवते? नवीन सुना तिला हसतात. पण डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या प्लॅस्टिक-जतनाच्या तज्ज्ञ इव्हॉन शशूआ यांच्या संशोधनात असं दिसलं, की मऊ पीव्हीसी काचेच्या बंद भांड्यात ठेवलं तर त्यातलं तेल कमी वेगानं जातं. पॉलिथिनच्या पिशवीत मात्र ती पिशवीच तेल शोषून घेते. म्हणजे गाठ मारलेल्या पिशवीपेक्षा शोकेस बरी! फक्त तिच्यावर थेट ऊन नको, आत दिवसभर पेटलेली ट्यूब नको.

आणखी काही गोष्टी. बाहुले एकमेकांना चिकटून उभे करू नका. मऊ प्लॅस्टिकचं तेल शेजारच्या कडक प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि ते विरघळल्यासारखं होतं. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नका, साडीला चालतात, पण त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. चिकटपणा काढायला कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर अजिबात नको, रंगासकट चेहरा जाईल. धुतल्यावर सांध्यांतलं पाणी नीट सुकवा, नाहीतर आतले स्क्रू गंजतील. चिकटपणा काही महिन्यांनी परत येईल, तेव्हा परत धुवायचं. माळ्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निदान उन्हाळ्यात तरी कपाटाच्या खालच्या खणात आणा.

आणि वर्षातून एकदा सगळे बाहेर काढून नुसते बघा. कुणाचा अंगठा तडकलाय, कुणाचा रंग उडालाय, फोटो काढा आणि ज्याचे आहेत त्याला मोबाइलवर पाठवा. प्लॅस्टिकचं म्हातारपण आपल्याला थांबवता येणार नाही, लांबवता येईल. घरातल्या माणसांचं तरी आपण वेगळं काय करतो?