विसावा घ्या, पण पुढचा मुक्काम ठरवून

कुठल्याही घरातलं कपाट उघडा, एक तरी अर्धवट काम सापडेलच. एकाच बाहीचा स्वेटर. फॉल लावायची राहिलेली साडी. गोधडीसाठी बांधून ठेवलेलं जुन्या साड्यांचं गाठोडं. काही अर्धवट कामं कपाटात दिसत नाहीत, मनात असतात. मध्येच सुटलेला शिवणाचा क्लास, लग्नामुळे राहून गेलेली दहावी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, करायचंय गं, पण वेळच मिळत नाही. एवढी दिवाळी होऊ दे, मग बसते." दिवाळी होते, मुलांच्या परीक्षा होतात, ज्या बाळासाठी स्वेटर घेतला ते शाळेत जायला लागतं. बाही मात्र तशीच.

बायकांना स्वतःसाठी वेळ कमी मिळतो, हे खरंच आहे. पण मैत्रिणींनो, त्याच घरात, तेवढ्याच वेळात दिवाळीचा फराळ वेळेवर होतो ना? उन्हाळ्यात कुरडया होतात, आजारपणं निघतात. कारण त्या कामांना तारीख असते आणि कुणीतरी वाट पाहत असतं. आपल्या स्वतःच्या कामाला ना तारीख, ना वाट पाहणारं कुणी.

दुसरं कारण आपण सहसा बोलून दाखवत नाही. ते म्हणजे भीती. चालढकलीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आता सांगतात की, तिच्या मुळाशी नेहमी आळसच असतो असं नाही. त्या कामाबरोबर येणारी धास्ती, कंटाळा, लाज माणूस टाळत असतो. माझ्या एका शेजारणीचं अगदी हेच झालं होतं. दहावी राहिली त्याला वीस वर्षं झाली होती. वेळ नाही, वेळ नाही म्हणता म्हणता एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "गणितात नापास झाले तर पोरगा काय म्हणेल?"

ती बोलली आणि गाठ सुटली. शाळा मध्येच सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. तो परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरावा लागतो, त्यामुळे मुदत विचारून ठेवलेली बरी. तिने फॉर्म भरला आणि एवढंच ठरवलं, की रात्रीचा कुकर लावला की ओट्याशी उभ्या उभ्या एक गणित सोडवायचं. तिसरी शिट्टी झाली की वही बंद. मार्चला गणित राहिलंच. रडली, चार दिवस वहीला हात लावला नाही, मग पुन्हा कुकर आणि पुन्हा वही. जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटलं. पेढे घेऊन पोरगाच आला!

मी राहते विश्रांतवाडीत. नावातच विश्रांती, त्यामुळे पाहुणे थट्टा करायची संधी सोडत नाहीत. पण दर वर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्याला जाते ती आमच्या इथूनच. पंढरपूर आळंदीपासून सुमारे २५० किलोमीटर. आमच्या रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्या आजींना विचारा, "आज कुठवर?" त्या पंढरपूर म्हणत नाहीत, "पुणं" म्हणतात. पुण्याहून सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे. विसावा कुठे, मुक्काम कुठे, सगळं आधीच ठरलेलं. विसाव्याला बसलेल्या माणसाला कुणी "सोडलं का?" असं विचारत नाही, कारण तो उठून कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपलं काम अडतं ते इथेच. आपण थांबतो, पण उठून कुठून सुरुवात करायची हे ठरवत नाही.

आमच्या शेजारी येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांमधले शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवायचे. पहिली पंचवीस वर्षं याच कामात गेली. १९७६ पासून कोशाचे भाग छापून निघू लागले, आणि आजवर निघालेले तीसहून जास्त भाग 'अ'पासून सुरू होणाऱ्या शब्दांचेच आहेत! तरी काम थांबलेलं नाही. एका वेळी एक शब्द, आणि उद्या येणाऱ्याला कुठून सुरू करायचं ते माहीत.

पुण्यातच भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची संशोधित आवृत्ती हाती घेतली. प्रमुख संपादक डॉ. वि. सी. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. काम तिथेच बुडालं असतं. पण हस्तलिखितं कशी ताडायची, पाठ कसा निवडायचा, हे त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं होतं. पुढच्यांनी तो धागा उचलला आणि १९६६ मध्ये महाभारत पुरं झालं.

आपल्याला काही महाभारत लिहायचं नाही. पण ही युक्ती स्वेटरलाही चालते. काम बाजूला ठेवताना त्याला एक चिठ्ठी टाचा : 'उजवी बाही, बारा ओळी झाल्या, आता टाके वाढवायचे.' सहा महिन्यांनी पिशवी उघडली तरी "मी कुठे होते?" म्हणून डोक्याला हात लावायची पाळी येणार नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की, नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी करीन' असं ठरवणाऱ्यांचं काम जास्त वेळा पार पडतं. माझ्या शेजारणीचा कुकर म्हणजे दुसरं काय? आणि त्याआधी, १९२८ मध्ये, मारिया ओव्हसियांकिना नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की, हातातलं काम मध्येच थांबवलं तर संधी मिळताच बहुतेक माणसं आपणहून त्याकडे वळतात. म्हणजे ओढ आपल्यात असतेच. पिशवी तेवढी माळ्यावरून खाली, डोळ्यांसमोर हवी.

आणि हो, प्रत्येक गोष्ट पुरी केलीच पाहिजे असंही नाही. आवड संपली असेल तर ती लोकर दुसरीला देऊन टाका आणि मोकळ्या व्हा. विचार करून सोडणं म्हणजे हरणं नव्हे. पण जे सोडवत नाही, आठवलं की आतून टोचतं, ते आपलं काम. त्यातलं एकच निवडा. त्याला एक वेळ द्या, एक जागा द्या आणि एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा, म्हणजे कुणीतरी वाट पाहील. आज रात्री कुकर लावाल तेव्हा तीन शिट्ट्यांचा वेळ तुमचा आहे.