संगणकाला जर्मनची पेटी

आजचा विषय ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या जर्मनचा. जर्मनची पातेली, जर्मनचे डबे आपल्या रोजच्या हातातले. त्याच जर्मनच्या पत्र्यातून गटाच्या संगणकाला पेटी कशी करायची, खर्च कसा काढायचा आणि कुठे अजिबात काटकसर करायची नाही, ते आज सांगतो. शक्य असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पडद्याशेजारी जो उभा डबा असतो त्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात. संगणकाचं खरं काम त्या डब्यात चालतं. आमच्या गटाला एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक मिळाला. आतलं सगळं चालू होतं, डबा मात्र खालून गंजून गेला होता. दुसरा डबा होईपर्यंत आतले भाग फळीवर मांडून काम सुरू झालं. बचत, कर्ज, हप्ते असं सगळं त्यावर. ऐन मार्चअखेरीला उंदराने पंख्याची वायर कुरतडली. पंखा थांबला, संगणक तापून दर थोड्या वेळाने आपोआप बंद पडू लागला. बँकेला कागद द्यायचे होते, आणि चौघीजणी रात्री वहीतून पुन्हा बेरजा करत बसल्या. पेटी शोभेची नसते, हे त्या आठवड्यात सगळ्याजणींना कळलं.

पेटीची चार कामं

पहिलं काम राखणीचं. उंदीर, पाली, झुरळं, धूळ, सांडलेलं पाणी यांपासून आतलं जपायचं. दुसरं काम वाऱ्याला वाट देण्याचं, म्हणजे गार हवा एका बाजूने आत आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर. तिसरं काम जिवाचं. आत वीज कुठे पत्र्याला लागली तर ती आपल्या अंगातून न जाता अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवी. चौथं काम आवाज कोंडण्याचं. चालू संगणकातून रेडिओच्या लहरींसारखा गोंधळ बाहेर पडतो. उघड्या संगणकाशेजारी रेडिओ ठेवलात तर खरखर येऊ शकते. धातूची पेटी तो गोंधळ बराचसा आतच अडवते.

म्हणून लाकडी खोकं किंवा पुठ्ठा चालत नाही. त्याला आग लागू शकते आणि त्याला अर्थिंग देता येत नाही. जर्मन गंजत नाही, वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि साध्या हॅक्सॉ ब्लेडने कापलं जातं. ते उष्णताही लोखंडापेक्षा लवकर वाहून नेतं. पण त्या भरवशावर राहू नका. पेटी गार ठेवतो तो वारा. पंखा नसेल तर जर्मनची पेटीही तापणारच.

विकत की घरी?

आधी दुकानात साध्या कॅबिनेटची किंमत विचारा. मग आपला हिशेब मांडा. आमच्या पेटीचं माप रुंदी ८ इंच, उंची १५ इंच, खोली १६ इंच. सहाही बाजूंचा पत्रा मिळून सुमारे पावणेसात चौरस फूट होतो. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. बारा कडांना पाऊण इंची अँगल लागतो तो १३ फूट, म्हणजे आणखी अर्धा-पाऊण किलो. एकूण धरा सव्वातीन किलो. समजा तुमच्याकडे तुकड्यांचा भाव किलोला ३०० रुपये असेल, तर ९७५ रुपये झाले. भाव १५० असेल तर त्याच्या निम्मे. त्यात रिव्हेट, नट-बोल्ट आणि पंखा मिळवा. नवा पत्रा पूर्ण भावाने घेऊन दुकानापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. बचत होते ती तुकड्यांत.

तुकडे मिळतात स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे आणि भंगारवाल्याकडे. जाताना लोहचुंबक न्या. चिकटला तर ते लोखंड. पाट्यांसाठी वापरतात तो चकचकीत पत्राही घेऊ नका. त्याच्या कडेला दोन पातळ पापुद्र्यांमध्ये प्लास्टिक दिसतं.

भंगारात मोडका लोखंडी कॅबिनेट दिसला तर आवर्जून उचला. त्याची मागची बाजू आणि ज्यावर मदरबोर्ड बसतो ती पाटी कापून घेतली की सगळ्यात किचकट भोकं आयती मिळतात. पितळी खुंट्या, चालू करायचं बटण आणि स्क्रूही त्यातच असतात.

माप आणि कागदी कटिंग

दोन-चारची बांगडी मागितली की कुठल्याही गावात तीच मिळते. संगणकाचंही तसंच आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचं माप ठरवलं, आणि तेव्हापासून बहुतेक कंपन्या त्या मापात किंवा त्याच्या धाकट्या मापांत भाग बनवतात. पूर्ण मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मागून १५० बाय ८६ मिलिमीटर. आमची पेटी मायक्रो एटीएक्सच्या मापाची आहे. आपला बोर्ड मोजून मगच पेटीचं माप ठरवा.

ब्लाऊज शिवताना आपण थेट कापडाला कात्री लावत नाही. इथेही आधी जुन्या वर्तमानपत्रावर सहाही बाजू काढा. बोर्ड कागदावर ठेवून त्याच्या प्रत्येक भोकातून पेन्सिलीने खूण करा. पंख्याच्या आणि एसएमपीएसच्या भोकांनाही तोच भाग साचा म्हणून वापरा. मग कागद पत्र्यावर चिकटवून खिळ्याने टिचका मारा. टिचका असला की ड्रिल घसरत नाही.

बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला हात लावा आणि बोर्ड कडेने धरा. नायलॉनच्या साडीत साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण बोर्डाचे नाजूक भाग तिने जळू शकतात.

कापणं आणि जोडणं

हत्यारं अशी: हॅक्सॉ, कानस, गुण्या, ड्रिल आणि रिव्हेट गन. सगळं विकत घेऊ नका. खिडक्यांच्या कारागिराकडून एका दिवसासाठी भाड्याने मागा किंवा त्याच्याच दुकानात बसून करा. ड्रिल हातात घेण्याआधी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा, पदर खोचा, वेणी बांधा, डोळ्यांना चष्मा लावा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, ते गुंडाळले जातात. पत्रा उचलताना मात्र जरूर घाला, कापलेली कड सुरीसारखी असते. म्हणून प्रत्येक कडेवरून कानस फिरवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आधी अँगलचा सांगाडा करा. प्रत्येक कोपरा गुण्याने तपासा. मग त्यावर पत्रे बसवा. रिव्हेट एक सूत जाडीचे पुरतात, दर दोन-तीन इंचांवर एक. बोर्ड उजव्या बाजूच्या पत्र्यावर बसतो. डावी बाजू मात्र रिव्हेटने बंद करायची नाही, ती उघडता आली पाहिजे. तिला नट-बोल्ट लावा. जर्मन मऊ असल्याने त्यात थेट पिळलेल्या स्क्रूचे आटे चार वेळा उघडझाप केली की जातात.

वाऱ्यासाठी पुढच्या बाजूला खाली आणि मागे वरच्या अंगाला वाट ठेवा. मोठं गोल भोक कापणं जड जात असेल तर ठिपक्यांची रांगोळी काढतो तशी ओळीने भोकं पाडा. आतल्या बाजूने डासांची जाळी लावली की झुरळं अडतात आणि धूळही बरीच अडते.

आता महत्त्वाचं. सगळं कापणं, कानसणं, भोकं पाडणं संपवून, ओल्या फडक्याने पेटी पुसून ती कोरडी झाल्यावरच संगणकाचे भाग आत बसवा. जर्मनचा कीस वीज वाहतो. त्याचा तांदळाएवढा कण बोर्डावर पडला तरी बोर्ड जाऊ शकतो.

बोर्ड पत्र्याला टेकता कामा नये. जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच पितळी खुंटी, दुसरीकडे एकही नाही. जास्तीची खुंटी खालून टाक्यांना टेकली तर तिथेच शॉर्ट.

अर्थिंग: इथे काटकसर नाही

एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो फक्त मागच्या पत्र्याला चार स्क्रूंनी घट्ट बसवायचा. त्याचा पत्रा आतून प्लगच्या मोठ्या, जाड पिनेला जोडलेला असतो. म्हणजे त्या स्क्रूंमधूनच पेटीला अर्थिंग मिळतं.

पण खिडक्यांच्या रंगीत किंवा पॉलिश केलेल्या सेक्शनवर थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. म्हणून जिथे स्क्रू किंवा रिव्हेट बसेल तिथे पॉलिश पेपरने घासून पांढरा धातू उघडा करा. मग प्लग काढलेला असताना मल्टिमीटरचं एक टोक जाड पिनेला आणि दुसरं पेटीच्या प्रत्येक बाजूला लावा, तेही घासून उघड्या केलेल्या जागी. सहाही बाजूंना 'पीं' वाजलं पाहिजे. एखादी बाजू गप्प राहिली तर तिथे तार जोडा. मल्टिमीटर गावातल्या वायरमनकडे असतो.

हात लावल्यावर पेटीला झिणझिण्या आल्या तर बहुधा भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थिंग नाही. तसं असेल तर संगणक बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

शेवटची तपासणी

पंखा चालू झाला की पेटीपासून वीतभर अंतरावर उदबत्ती धरा. धूर पुढून आत ओढला गेला आणि मागून ढकलला गेला की वारा बरोबर. उलटं दिसलं तर पंखा फिरवून बसवा. पेटी जमिनीवर ठेवू नका, अर्धा फूट उंच ठेवा. मागे चार बोटं जागा सोडा, चुलीपासून दूर ठेवा. आठवड्यातून एकदा संगणक बंद करून जाळी जुन्या दातांच्या ब्रशने झाडा. मळणीच्या दिवसांत दोनदा.

आमच्याकडे या कामाला सहा जणींचे दोन रविवार लागले. पैसे थोडे वाचले, पण त्याहून मोठा फायदा वेगळा झाला. पूर्वी संगणक बंद पडला की तो रिक्षात घालून तालुक्याला न्यायचा आणि दुकानदार सांगेल ती रक्कम द्यायची. आता कुठला भाग कशासाठी आहे हे गटात सहा जणींना माहीत आहे. वायर सैल झाली, पंखा अडकला, धूळ बसली एवढं त्या चार बोल्ट काढून पाहतात. दुकानात जावंच लागलं तर नेमका कुठला भाग बदलला, हे विचारतात आणि जुना भाग परत मागून घेतात.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत संगणक बंद करा, प्लग काढा आणि मागची बाजू सगळ्याजणींनी मिळून नीट बघा. सुरुवात तिथूनच होते.