पिशवी काढण्याआधी

वर्षावासात ग्रंथवाचन संपले की आमच्या विहारात बायका थोडा वेळ थांबतात. यंदा एका रविवारी आम्ही सगळ्यांच्या हातात कोरे कागद दिले आणि म्हटले, बाईच्या शरीराची बाह्यरेखा काढा आणि गर्भपिशवी कुठे असते ते दाखवा. आधी पदर तोंडाला लावून हसणे झाले. मग चित्रे आली. कुणी पिशवी बेंबीच्या वर काढली होती, कुणी भाकरी जिथे जाते त्या पोटातच. लघवीची वाट आणि बाळाची वाट एकच, असे बहुतेकींना वाटत होते. या दोन-दोन, तीन-तीन बाळंतपणे झालेल्या बायका. त्यांतल्या चौघींची पिशवी ऑपरेशन करून काढलेली होती. कुठे असते हे ठाऊक नसलेल्या अवयवासाठी त्यांनी कागदावर सही दिली होती.

म्हणून या वेळी पिशवीबद्दलच लिहितो आहोत. घरातल्या पुरुषांनीही वाचावे, कारण ऑपरेशनचा निर्णय बहुतेक घरांत तेच घेतात.

बाईला खाली तीन वाटा असतात. पुढे लघवीची, मध्ये पाळीची आणि बाळाची, मागे संडासची. मधल्या वाटेने आत गेले की गर्भाशयाचे तोंड लागते आणि त्याच्या वर गर्भाशय, म्हणजे आपली पिशवी. देठ खाली धरलेल्या पेरूएवढी ती असते, ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या मागे. तिच्या दोन्ही अंगांना एकेक नळी आणि नळीच्या टोकाजवळ बदामाएवढे एकेक अंडाशय. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत लाखो बीजे असतात, पुढे नवी तयार होत नाहीत. वयात आल्यावर महिन्याला साधारण एक बीज पिकून नळीत येते. पुरुषबीजाशी गाठ पडली तर तिथेच गर्भ तयार होतो आणि पिशवीत येऊन रुजतो. नाही पडली, तर गर्भासाठी पिशवीच्या आत तयार झालेले अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडते. ही पाळी. त्यात घाण काही नाही.

अंडाशयांचे काम मात्र मुले होण्यावर थांबत नाही. त्यांतून जे हार्मोन रक्तात जाते ते बाईची हाडे टिकवते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर पस्तिशीतल्या बाईची पाळी जाण्याची अवस्था एका रात्रीत येते: अंगातून वाफा, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे. अंडाशये ठेवली तरी ती काही वर्षे आधी थकू शकतात. आमच्यातली एक ताई म्हणाली, "पाळीची कटकट गेली म्हणून बरं वाटलं होतं, पण आता जिना चढवत नाही." तिची अंडाशये ठेवली की काढली हे तिला कुणी सांगितलेले नाही. तिच्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलेले आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजले. सरकारने समिती नेमली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. उचल घेऊन फडावर गेलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही. पाळीत दुखले, पांढरे जाऊ लागले, तर दवाखान्यात ऐकायला मिळते, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." आणि बाई घाबरून तयार होते.

आता खरे काय ते. पांढरे जाणे म्हणजे हाडे झिजणे नव्हे. थोडे पांढरे पाणी प्रत्येक बाईला जाते आणि बीज सुटण्याच्या दिवसांत ते चिकट होते. खाज, वास, पिवळा-हिरवा रंग असेल तर जंतुसंसर्ग समजावा. त्यावर गोळ्या आहेत. पिशवीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात आणि पाळी गेल्यावर त्या आक्रसतात. रक्त फार जात असेल तर आधी औषधे किंवा तांबीसारखे बसवायचे हार्मोनचे साधन वापरून पाहता येते. कॅन्सर, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, फार मोठी गाठ, अंग बाहेर येणे, अशा वेळी पिशवी काढावी लागते आणि तेव्हा भिऊन टाळूही नये. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले किंवा नवऱ्याशी संबंधानंतर रक्त आले, तर एक दिवसही अंगावर काढू नका. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

हे सगळे आपण एकमेकींशी बोलत का नाही? या अवयवांची नावे शिव्यांत रोज कानावर पडतात, आणि डॉक्टरसमोर मात्र आपण "खाली दुखतं" एवढेच म्हणतो. पाळीच्या बाईला ज्या शब्दाने बाजूला बसवतात तो विटाळ हाच शब्द आपल्या पूर्वजांच्या सावलीलाही लावला जात होता. तो शब्द आपल्या घरात अजून चालतो, याची आम्हाला लाज वाटते. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब उभे राहिले. कर्व्यांना दंड झालाच. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते, आणि वरचेवरच्या बाळंतपणांनी बायका कायमच्या खंगतात, हा मुद्दा त्यात होता. ठराव फेटाळला गेला.

कुणी पिशवी काढायला सांगितली तर त्याच दिवशी भरती होऊ नका. आजाराचे नाव मराठीत लिहून मागा. औषधाने का भागणार नाही आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे विचारा. मग कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवा, सोबत आशाताईला न्या. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी हाडांची तपासणी आणि कॅल्शियमबद्दल विचारावे.

पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही पुन्हा बसणार आहोत. सोनोग्राफीचे आणि ऑपरेशनचे जुने कागद कपाटात, गादीखाली असतील ते घेऊन या. वाचून दाखवायला एक नर्सताई येणार आहेत.