ध्वनीची लाट उभी राहते तेव्हां



रेडिओचा आवाज बेताचा असला म्हणजे गाणें गोड लागतें. तोच फार वाढविला कीं तो फाटतो, आणि मूळ गाण्यांत नसलेली करकर ऐकूं येऊं लागते. हा दोष यंत्राचा असतो, हवेचा नव्हे. परंतु ध्वनि पुरेसा प्रबळ असेल, तर यंत्र निर्दोष असूनहि तो वाटेंतच आपलें रूप पालटतो. रोग्याच्या शरीरांत ध्वनि सोडून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनि माणसाला ऐकूं येत नाहीं. त्या श्रवणातीत ध्वनीलाच रुग्णालयांत अल्ट्रासाउंड म्हणतात. त्याचा सजीवांवर परिणाम होतो, हें १९२७ सालीं अमेरिकेंतील वुड आणि लूमिस या शास्त्रज्ञांनीं लहान मासे व बेडूक यांवर प्रयोग करून दाखविलें. आज उपचाराच्या प्रोबमधील चकती विजेच्या योगानें सेकंदाला बहुधा दहा लक्षांच्या आसपास वेळां कांपते. शरीराचा मऊ भाग बराचसा पाण्यासारखाच असून त्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर धांवतो. म्हणजे दहा लक्ष कंपनांच्या लाटेची लांबी दीड मिलिमीटर भरते.

परंतु ही गति लाटेच्या सर्व भागांची सारखी नसते. लाटेच्या माथ्यावर पाणी दाबलें जातें. दाबलेलें पाणी अधिक ताठर होतें, शिवाय तें स्वतःहि पुढें सरकत असतें. म्हणून माथा थोडा अधिक धांवतो आणि खळगा मागें रेंगाळतो. समुद्रकिनाऱ्याशीं येणाऱ्या लाटेचा माथा असाच पुढें झुकतो आणि लाट फुटते. ध्वनीची लाट तशी कोसळूं शकत नाहीं. तिची पुढची बाजू मात्र कड्यासारखी उभी राहते. ही अडचण स्टोक्स या गणितज्ञानें १८४८ सालींच मांडली होती.

आतां थोडें गणित करूं. लाटेंतील दाब वातावरणाच्या शंभरपट असेल, तर माथा सेकंदाला सुमारें २३ मीटर अधिक धांवतो. पंधराशें मीटरांत तेवीस म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटेल. पण दीड मिलिमीटरच्या लाटेला तेवढें पुरतें. पाण्यांत सरळ जाणारी अशी लाट अवघ्या दीड सेंटिमीटरच्या प्रवासांत उभी राहते. उलट, दुखऱ्या खांद्यावर फिरवितात त्या सौम्य प्रोबमधून दर चौरस सेंटिमीटरला एक वॅट शक्ति निघत असेल, तर दाब वातावरणाच्या पावणेदोनपट असतो. त्या लाटेला हीच अवस्था गांठण्यास जवळजवळ नव्वद सेंटिमीटर लागतील. इतकें आपलें शरीर जाड नसतें, आणि तोंवर ध्वनि शोषलाहि गेलेला असतो. खांद्याच्या उपचारांत म्हणूनच ही चिंता फारशी नसते. ती असते, अनेक दिशांनीं ध्वनि आणून तो खोल एका बिंदूवर एकवटणाऱ्या उपचारांत.

उभ्या लाटेंत मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीं नवीं कंपनें उत्पन्न होतात, आणि जितकीं कंपनें अधिक तितका ध्वनि शरीरांत अधिक शोषला जातो. सौम्य लाटेचा दाब दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. उभ्या कड्याची उंची दुप्पट झाली तर तेथील उष्णता आठपट होते. अशा वेळीं सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत त्या बिंदूपाशीं पाणी उकळूंहि शकतें.

हीच प्रखरता उपयोगी पडते. अशा अत्यंत तीव्र आणि क्षणिक लाटांनीं सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न करून, जाळल्यावांचून गांठीचा चुरा करण्याची रीत मिशिगन विद्यापीठांत विकसित झाली. हिस्टोट्रिप्सी नांवाच्या या उपचाराला यकृतांतील गांठींसाठीं अमेरिकेंत २०२३ सालीं परवानगी मिळाली.

पण मात्रा ठरवावयाची कशी? प्रोबचा दाब प्रथम पाण्याच्या टाकींत, हायड्रोफोन नांवाच्या बारीक उपकरणानें मोजतात. पाणी ध्वनि फारसा शोषीत नाहीं, शरीर शोषतें. त्यामुळें पाण्यांत लाट लवकर उभी राहते, तिची शक्ति त्या कड्यापाशींच झिजते, आणि पुढें यंत्राचा जोर वाढविला तरी बिंदूपाशीं मोजलेला दाब त्या मानानें वाढत नाहीं. त्याच आंकड्यांतून शरीरांतील शोषणाची ठराविक तूट वजा केली, तर प्रत्यक्षाहून कमी दाब पोंचतो असा समज होईल. आणि त्या समजावर मात्रा वाढविली, तर निरोगी भागहि भाजेल. म्हणून जाणते लोक पाण्यांतील मोजमापाला शरीराच्या गणिताची जोड देतात, आणि शक्य तेथें उपचार चालूं असतांनाच आंतील उष्णतेवर नजर ठेवतात.

औषध दुप्पट घेतल्यानें गुण दुप्पट येत नाहीं, हें आपल्या घरांतील वडील माणसें जाणतात. ध्वनि दिसत नाहीं आणि ऐकूंहि येत नाहीं. पण मात्रेचा हा नियम त्यालाहि लागू आहे.