रेघांच्या मधली जागा

कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या पूर्वेला, साधारण 77 अंश 40 मिनिटं रेखांशाच्या आसपास, एक रेषा गेली आहे. ती सातबाऱ्यावर नाही आणि धुऱ्यावर उभं राहूनही दिसत नाही. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्टनने दक्षिणेत सुरू केलेली आणि जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेलेली ही रेखावृत्ताची मोजणी, म्हणजे ‘ग्रेट आर्क’. एव्हरेस्टच्या 1830 च्या ग्रंथात बिदरकडच्या दामरगिड्यापासून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंतचा चाप आहे. त्याचा मधला टप्पा म्हणजे अमरावती आणि अचलपूर यांच्या दरम्यानचं टाकळखेडा. दामरगिड्याहून टाकळखेड्याकडे जाताना आपला हा भाग ओलांडावाच लागतो.

या मोजणीवर लिहिणारे बहुतेक जण थेट शिखरांकडे धावतात. मला वेड आहे ते मोजणाऱ्यांच्या यंत्रावरच्या पितळी वर्तुळाचं. कारण आज सर्व्हो मोटरच्या शेपटाला बसवलेला एन्कोडर जे करतो, तेच काम त्या काळी माणसं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून करत होती.

एन्कोडर म्हणजे रेघा आखलेली चकती, पलीकडे दिवा, अलीकडे प्रकाश ओळखणारा संवेदक. समजा चकतीवर 1024 रेघा आहेत. रेघांच्या कडा मोजल्या तर फेरीचे 4096 भाग पडतात, म्हणजे एक भाग सुमारे 316 विकलांचा (आर्कसेकंदांचा). हे जाडंभरडं झालं. पण प्रकाश एकदम चालू-बंद होत नाही, तो चढत-उतरत जातो. एकमेकांपासून पाव आवर्तन सरकलेले असे दोन संकेत, साइन आणि कोसाइन, मिळाले की त्यांच्या गुणोत्तरावरून दोन रेघांच्या मध्ये आपण नेमके कुठे आहोत ते काढता येतं. यालाच अंतर्वेशन म्हणतात. प्रत्येक आवर्तनाचे आणखी 4096 तुकडे करा. फेरीचे सुमारे 42 लाख भाग झाले आणि एक भाग 0.3 विकलांवर आला. चकती तीच, रेघा त्याच.

इथे एन्कोडरची माहितीपत्रकं थांबतात आणि मला राग येतो. दोन संकेतांपैकी एकाची शून्यपातळी त्याच्या उंचीच्या केवळ 1 टक्क्याने सरकली, तरी त्या आवर्तनात सुमारे 2 विकलांची चूक मागेपुढे हेलकावत राहते. म्हणजे आकडा 0.3 विकलांनी पुढे सरकताना दिसतो आणि खोटं बोलतो सहापट. दोन्ही संकेतांची उंची सारखी नसेल किंवा त्यांच्यातला कोन बरोबर 90 अंशांचा नसेल, तर हाच हेलकावा आवर्तनात दोनदा येतो. यावरचा इलाज पीटर हायडेमान यांनी 1981 साली मांडला. तो होता इंटरफेरोमीटरसाठी, पण एन्कोडरवाल्यांनी उचलला. दोन्ही संकेत एकमेकांविरुद्ध आखले की वर्तुळ यायला हवं. प्रत्यक्षात लंबवर्तुळ येतं. त्याचं केंद्र, त्याचे अक्ष आणि त्याचं कलणं शोधा आणि हिशोबाने ते पुन्हा वर्तुळात बसवा. सरासरी, गाळणी, वेगाचा मागोवा घेणारी गणितं हे सगळं त्यानंतरचं. त्यात गोंगाट कमी होतो, पण गाळणी जड केली तर उत्तर उशिरा येतं.

लॅम्टनच्या थिओडोलाइटचं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचं, वर्तुळ 36 इंच व्यासाचं होतं. एवढ्या मोठ्या कडेवरसुद्धा एक विकला म्हणजे जेमतेम 2.2 मायक्रॉन. तेवढ्या रेघा त्या काळी कोणी आखू शकत नव्हतं. त्यामुळे दोन रेघांमधली जागा सूक्ष्मदर्शकातल्या मायक्रोमीटर स्क्रूने मोजायची. हेसुद्धा अंतर्वेशनच, फक्त हाताने केलेलं. 1808 साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर हे यंत्र चढवताना दोर तुटला, ते भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्टनने ते तंबूत नेऊन कित्येक आठवडे ठोकून-ताणून पुन्हा गोल केलं. पुढे 1823 च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला जाताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. यंत्र आणि चाप दोन्ही एव्हरेस्टच्या हाती आले.

ठोकून सरळ केलेल्या वर्तुळावर विश्वास ठेवायचा कसा? वर्तुळाचं केंद्र आसापासून जरा सरकलेलं असेल, तर चूक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली जाते. समोरासमोर दोन सूक्ष्मदर्शक लावून सरासरी घेतली की ती कटते. आखणीतल्या इतर चुका मात्र फेरीत दोनदा, तीनदा, चारदा लहरतात. एव्हरेस्टच्या काळातल्या 36 इंची यंत्रांना समान अंतरावर पाच सूक्ष्मदर्शक होते. पाचांच्या सरासरीत पाचने भाग जाणाऱ्या लहरी तेवढ्या उरतात, बाकी सगळ्या नाहीशा होतात. उरलेल्यांसाठी वर्तुळाचं शून्य दर वेळी थोडं फिरवून तोच कोन पुन्हा घ्यायचा. यात वर्तुळ निर्दोष असण्याची गरजच उरत नाही.

तरी रेघा कोणीतरी आखाव्याच लागतात, आणि त्यासाठी एव्हरेस्टने 1830 मध्ये इंग्लंडहून हेन्री बॅरो हा उपकरणकार आणला. माणूस कुशल, पण दोघांचं पटलं नाही. एव्हरेस्टचं फारसं कोणाशी पटत नसे हेही खरं. 1839 च्या सुमारास बॅरो नोकरीतून गेला आणि त्याचं काम सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आलं. मूळचे अर्काटचे, मद्रासच्या जवाहिऱ्याकडे हात बसलेले, इंग्रजी शिक्षण नाही. एव्हरेस्टची खगोलीय वर्तुळं नव्याने जुळवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना उपकरणकाराचं पद मिळालं ते 1843 मध्ये, तेही एव्हरेस्टने ईस्ट इंडिया कंपनीकडे लावून धरल्यावर आणि बॅरोपेक्षा कमी पगारात. एव्हरेस्टचं नाव शिखराला लागलं. मोहसीन हुसेन यांचं नाव सर्वेक्षण खात्याच्या जुन्या इतिहासात शोधावं लागतं, आणि मला ही त्या सगळ्या कथेतली सर्वात चीड आणणारी गोष्ट वाटते.

वर्तुळ किती बारीक वाचायचं या प्रश्नाचा आजचा अवतार महाराष्ट्रात पाहायचा तर नारायणगावजवळ खोडदला जावं. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेना तिथे आणि तिथून पसरलेल्या तीन फांद्यांवर उभ्या आहेत. त्यांच्या दोन्ही अक्षांवर 17 बिटांचे एन्कोडर आहेत. फेरीचे 1,31,072 भाग, एक भाग सुमारे 10 विकलांचा. ‘23 बिट’ विकणाऱ्या आजच्या बाजारात हे मागासलेलं वाटेल. पण हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर लहरीवर या ॲन्टेनाची नजरच वीस कलांहून (आर्कमिनिटांहून) रुंद आहे. तिथे आणखी सहा बिट घालून काय साधणार? आणि 50 मिलिमीटर व्यासाची चकती आसावर केवळ 1 मायक्रॉन बाजूला बसली, तरी 8 विकलांची चूक होते, म्हणजे 17 बिटांतला जवळजवळ एक पूर्ण भाग. ती चूक कितीही बारीक अंतर्वेशनाने जात नाही, कारण ती रेघांच्या मधली नसून चकतीच्या बसण्यातली आहे. त्यासाठी समोरासमोर दोन वाचक लागतात. एन्कोडरचे कारखाने ते आज पर्याय म्हणून जास्त पैसे घेऊन देतात. लॅम्टनच्या यंत्रावर समोरासमोरचे दोन सूक्ष्मदर्शक 1802 मध्येच होते.